आलिशान वेगवान मोटारीचे आसन आणि कटीशूल : दुःखासन, अत्यासन व रथक्षोभ यांचा विचार

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वातव्याधीच्या अध्यायात वातप्रकोपाचे हेतू सांगताना रूक्ष-शीत अन्न, जागरण व वेगधारण यांच्या जोडीला दुःखकर शय्या आणि दुःखकर आसन यांचाही उल्लेख आला आहे. त्याच संहितेच्या सिद्धिस्थानातील बाराव्या अध्यायात, शोधन झालेल्या रुग्णाने वर्ज्य करावयाच्या आठ महादोषकर भावांमध्ये रथक्षोभ आणि अत्यासन हे दोन भाव स्वतंत्रपणे गणले आहेत. आसन सदोष असणे, आसनावर अतिकाळ बसणे आणि वाहनाच्या हादऱ्यांनी शरीर क्षुब्ध होणे, या तीन गोष्टी आचार्यांनी अशा रीतीने वेगवेगळ्या ओळखल्या होत्या. आपण मात्र कटीशूलाच्या रुग्णाच्या पत्रकावर 'प्रवास अधिक' असे दोन शब्द लिहून या तिन्ही हेतूंची एकत्र बोळवण करतो.

हा विषय येथे घेण्याचे कारण असे. मर्सिडीज-बेंझ मोटारींची जुळणी २००९ पासून पुण्याजवळील चाकण येथे होते, बी.एम.डब्ल्यू., पोर्शे, ऑडी यांच्या वेगवान मोटारीही आता मोठ्या शहरांपुरत्या राहिलेल्या नाहीत. अशी मोटार वापरणारा व्यापारी, कारखानदार किंवा शल्यतज्ज्ञ कटीशूल अथवा गृध्रसी घेऊन येतो, तेव्हा मोटारीविषयी विचारताच तो ठामपणे सांगतो, "वैद्यराज, गाडीचा प्रश्नच नाही, तिची सीट लाखांची आहे." आणि वैद्यही तो हेतू बाजूला ठेवतो. मग बस्ती, कटीबस्ती, तैल, गुग्गुळ कल्प सारे यथाविधी होऊनही महिन्याभरात व्याधी पुन्हा उभा राहतो. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आहे. परंतु जो हेतू आपण ओळखलाच नाही, त्याचे परिवर्जन होणार कसे?

आमचे प्रतिपादन थोडक्यात असे : उंची मोटारीचे आसन पहिला हेतू, म्हणजे दुःखासन, बऱ्याच अंशी दूर करते, तिसरा हेतू, रथक्षोभ, अंशतःच दूर करते, आणि दुसरा हेतू, अत्यासन, तर पुष्कळदा वाढवते.

आसनाची घडण

वेगवान मोटारीचे आसन हे दिवाणखान्यातील कोचाचे भावंड नव्हे. त्याचे पहिले काम शरीर सुखावणे हे नसून शरीर जागेवर धरून ठेवणे हे आहे. अशी मोटार वळणावर वेगाने वळते तेव्हा बाजूने पडणारा जोर गुरुत्वाकर्षणाच्या बरोबरीला येऊ शकतो. याचा अर्थ, सत्तर किलो वजनाच्या मनुष्याला जवळजवळ त्याच्या वजनाइतक्याच जोराने कोणी कडेला ढकलावे तसे होते. त्या क्षणी चालकाने सुकाणूचक्राला लोंबकळू नये, म्हणून बैठकीच्या व पाठीच्या दोन्ही कडांना उंचवटे दिलेले असतात. त्यांना कारागीर बोल्स्टर म्हणतात.

या परंपरेतील एक प्रमुख नाव म्हणजे जर्मनीतील रेकारो. १९०६ साली स्टुटगार्ट येथे सुरू झालेल्या रॉयटर यांच्या गाड्यांचे सांगाडे बांधणाऱ्या कारखान्यातून ही संस्था निघाली. सांगाड्यांचा तो व्यवसाय १९६३ मध्ये पोर्शेने घेतला आणि उरलेला उद्योग केवळ आसनांकडे वळला. रॉयटर व कॅरोसरी या दोन शब्दांच्या आद्याक्षरांतून रेकारो हे नाव सिद्ध झाले. तेव्हापासून आजपर्यंत कडांचा उंचवटा, कठीण फोम आणि कटीचा आधार ही या प्रकारच्या आसनाची ओळख राहिली आहे.

फोम कठीण का, हा प्रश्न रुग्ण नेहमी विचारतो. अतिमृदू बैठकीत शरीर रुतते, फोम तळापर्यंत दबतो आणि सारा भार पुन्हा नितंबाच्या दोन अस्थींवर येतो. शिवाय रुतलेल्या शरीराला हालचाल करता येत नाही. योग्य काठिण्याचा फोम भार नितंब व मांड्या यांच्यावर विभागून देतो. पहिल्या पाच मिनिटांत मऊ वाटणारे आसन दोन तासांनी दुःखकर ठरते आणि प्रथम कठीण वाटलेले आसन दोन तासांनीही तसेच राहते, हा पुष्कळांचा अनुभव आहे. पोर्शेने २०२० मध्ये त्रिमितीय मुद्रणाने घडवलेली जी बैठक सादर केली, तिच्यात कठीण, मध्यम व मृदू अशा तीन प्रती ठेवल्या. एकच काठिण्य सर्व शरीरांना सात्म्य होत नाही, ही प्रकृतिभेदाची जाणीव यंत्रशास्त्रालाही मान्य झाली असे म्हणावे लागेल.

दुःखासन : कटीचा बाक का नाहीसा होतो

उभे असताना कटीप्रदेशात जो स्वाभाविक आतील बाक असतो, तो बसताच कमी होतो. अमेरिकेतील कीगन यांनी १९५३ मध्ये क्ष-किरण चित्रांच्या साहाय्याने दाखवले की, मांडीच्या मागील व नितंबाच्या स्नायूंचा ताण श्रोणीला मागे फिरवतो आणि कटीचा बाक सपाट करतो. धड व मांडी यांत सुमारे १३५ अंशांचा कोन असताना हा भाग सर्वांत निवांत असतो. अवकाशात भाररहित अवस्थेत शरीर आपोआप जी स्थिती घेते, तिची मापे स्कायलॅब मोहिमांत १९७३-७४ साली घेतली गेली. त्यांतही हा कोन सुमारे १२८ अंश भरला.

आता वेगवान मोटारीची रचना पाहावी. तिचे छत खाली, म्हणून बैठक खाली. बैठक खाली, म्हणून पाय समोर लांब पसरलेले. गुडघा जितका सरळ होतो, तितका मांडीमागचा स्नायू ताणला जातो आणि श्रोणी मागे ओढली जाते. याला उपाय म्हणून पाठ मागे कलती ठेवतात व कटीला आधार देतात. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे अँडरसन, नाखेमसन आदींनी १९७४ मध्ये चालकाच्या आसनावर कशेरुकांमधील चकतीतला दाब व पाठीच्या स्नायूंची विद्युत्क्रिया मोजली. पाठ मागे कलती केल्याने व कटीआधार पुढे आणल्याने दोन्ही कमी होतात, आणि सुमारे १२० अंशांचा कल व पाच सेंटिमीटर आधार असता ती सर्वांत कमी असतात, असे त्यांना आढळले. प्रत्यक्ष चालवताना मात्र १२० अंश चालत नाहीत. हात पोहोचत नाहीत, मान पुढे काढावी लागते आणि अपघातात शरीर पट्ट्याखालून घसरण्याचे भय राहते. म्हणून १०० ते ११० अंश हा व्यवहारातील मध्यममार्ग होय.

उंची आसनात यासाठी हवेच्या पिशव्यांचा कटीआधार असतो. तो पुढे-मागे व वर-खाली हलवता येतो. मांडीखालची बैठक लांबवता येते, कडांचे उंचवटे जवळ-दूर करता येतात. पोर्शेच्या एका आसनात अशा अठरा प्रकारच्या हालचाली आहेत. जर्मनीत १९९५ मध्ये स्थापन झालेली निरोगी पाठीसाठी कार्य करणारी ए.जी.आर. ही संस्था अशी आसने तपासून प्रमाणपत्र देते. इतकी सोय असता दुःखासन उरतेच कसे? याची उत्तरे तीन.

पहिले, हालचाली असल्या तरी त्या कोणी लावून घेत नाही. मोटार घेतल्या दिवशी विक्रेत्याने जशी लावून दिली तशी बैठक वर्षभर राहते. कटीआधार तर पुष्कळांना ठाऊकही नसतो. दुसरे, उंचवट्यांमधील अंतर ठरावीक शरीरासाठी असते. स्थूल रुग्ण त्यांच्या मधे न बसता त्यांच्यावर बसतो. त्याच्या स्फिक् व ऊरु प्रदेशावर कडेने सतत दाब येतो. ज्या जोराच्या वळणासाठी ते उंचवटे घडवले, ते वळण आपल्या रस्त्यांवर क्वचितच येते. दाब मात्र वाहतुकीच्या कोंडीतही सोसावा लागतो. तिसरे, काही मोटारींत पूर्ण साच्याचे हलके आसन घेता येते. त्याने मोटारीचे वजन घटते, बी.एम.डब्ल्यू.च्या २०२१ पासूनच्या एम-३ व एम-४ मधील कार्बनचे आसन नेहमीच्या आसनापेक्षा जवळजवळ साडेनऊ किलो हलके आहे. परंतु उंच कडा ओलांडून आत शिरताना व बाहेर येताना कटी एकाच वेळी वाकते आणि पिळली जाते. गृध्रसीच्या रुग्णाला ही क्रिया दिवसातून दहा वेळा करणे अहितकर होय.

रथक्षोभ : हादरा कोठून येतो

बसलेल्या मनुष्याचे शरीर उभ्या दिशेच्या कंपनांपैकी सेकंदाला सुमारे ४ ते ८ वेळा होणाऱ्या कंपनांना सर्वाधिक संवेदनशील असते. पृष्ठवंशाची स्वतःची कंपनगतीही याच मर्यादेत, चार-पाचच्या आसपास आहे. साधी फोमची बैठक नेमकी सुमारे चारच्या गतीला स्वतः डोलू लागते व हादरा कमी करण्याऐवजी वाढवते. मऊ गादी म्हणजे हादऱ्यांपासून रक्षण हा समज म्हणूनच पूर्णतः खरा नाही. कामावरील चालकांसाठी युरोपीय संघाने २००२ मध्ये संपूर्ण शरीराच्या कंपनांची मर्यादा ठरवून दिली. आठ तासांच्या दिवसाला प्रतिसेकंद-वर्ग ०.५ मीटरवर उपाययोजना आवश्यक, आणि १.१५ मीटर ही कमाल मर्यादा.

वेगवान मोटारीत स्थिरतेसाठी निलंबन ताठ असते आणि टायरची कड बुटकी असते. गुळगुळीत महामार्गावर त्याचा गुण दिसतो. खड्डा, गतिरोधक व पेव्हर ब्लॉकच्या रस्त्यावर तोच दोष होतो. टायरमधील हवा व स्प्रिंग यांनी जो धक्का गिळावयाचा, तो बैठकीपर्यंत आणि तेथून कटीपर्यंत येतो. आसन कितीही उत्तम असले, तरी ते या साखळीतील शेवटचा दुवा आहे. म्हणून रुग्णाला आसनाबरोबरच रोजचा रस्ता विचारणे अगत्याचे आहे. ज्या मोटारीत निलंबनाचा मृदू पर्याय आहे, तेथे शहरात तोच लावण्यास सांगावे.

अत्यासन : सुखकर आसनाचा सापळा

अमेरिकेत केल्सी व हार्डी यांनी १९७५ मध्ये दाखवले की, कामाचा निम्मा किंवा अधिक वेळ वाहनात घालवणाऱ्यांत कटीची चकती सरकण्याचा संभव सुमारे तिप्पट असतो. उलट फिनलंडमधील जुळ्या भावांच्या २००२ च्या अभ्यासात, एक भाऊ आयुष्यभर वाहन चालवणारा व दुसरा तसा नसणारा असूनही, चकतीच्या झिजेत लक्षणीय भेद आढळला नाही. बसल्याने चकतीवरील दाब उभ्यापेक्षा वाढतो हे नाखेमसन यांचे मत दीर्घकाळ प्रमाण मानले गेले. परंतु जर्मनीतील उल्म येथे विल्के यांनी १९९९ मध्ये एका व्यक्तीच्या चकतीत संवेदक बसवून मोजले, तेव्हा सैल बसण्यातला दाब उभ्यापेक्षा अधिक नव्हता. पुढे वाकून बसताच मात्र तो पुष्कळ वाढला. ही मते परस्परविरोधी दिसली तरी वैद्याला त्यांतून दिशा मिळते. बसणे स्वतः दोषी नाही; वाकून बसणे आणि न हलता बसणे दोषी आहे.

येथेच उंची आसनाचा सापळा आहे. साध्या गाडीत तासाभराने पाठ बोलू लागते व चालक चहासाठी उतरतो. ते दुःख हीच त्याची सूचना असते. उत्तम आसनात ती सूचना उशिरा येते. रुग्ण अभिमानाने सांगतो की, मुंबईहून नागपूरला न थांबता गेलो. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण खुला झाल्यापासून ७०१ किलोमीटरचे हे अंतर एका बैठकीत कापण्याचा मोह वाढला आहे. या काळात मूत्रवेग धारण केला जातो, थांबावे लागू नये म्हणून पाणी टाळले जाते, भोजनाचा काळ चुकतो. म्हणजे अत्यासनाच्या पाठोपाठ वेगधारण व विषमाशन येतात आणि अपान वायूच्या दुष्टीला सर्व बाजूंनी बळ मिळते. अत्यासनाने स्फिक्, वंक्षण, कटी व पृष्ठ यांच्या वेदना होतात असे संहितेत सांगितले आहे. आधुनिक चालकाच्या तक्रारींची यादी याहून वेगळी नाही.

आसनातील उष्णता, शीतता व मर्दन

तापणारे आसन कॅडिलॅकने १९६६ मध्ये, तर पंख्याने वारा देणारे आसन साबने १९९७ मध्ये आणले. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये २०१३ पासून चौदा हवापिशव्यांचे उष्ण मर्दनही मिळू लागले. रुग्ण यांना स्वेदन व अभ्यंग यांचा पर्याय समजतात, म्हणून भेद स्पष्ट करावा. हवेच्या पिशव्यांचे दाबणे स्थिर बसलेल्या स्नायूंना किंचित हालचाल देते, इतकाच त्याचा लाभ. त्यात स्नेह नाही, अनुलोम गती नाही. उष्णता वातानुबंधी स्तंभात अल्पकाळ सुखावह वाटते. परंतु मधुमेही, पक्षाघाती किंवा ज्यांची स्पर्शसंवेदना मंद आहे अशांना आसनाच्या उष्णतेने दाह झाल्याची उदाहरणे नमूद आहेत. जर्मनीतील गीसेन येथील २००८ च्या अभ्यासात तापलेल्या आसनाने वृषणप्रदेशाचे तापमान वाढते असे दिसले. शुक्रदुष्टीच्या रुग्णाला हा प्रश्न अवश्य विचारावा. शीत वाऱ्याचा विचार परिहारकालाच्या संदर्भात पुढे केला आहे.

आसन लावण्याची पद्धत

रुग्णाला पुढील क्रम लिहून द्यावा.

१. मागच्या खिशातील पाकीट काढून नितंब पूर्ण मागे टेकवावेत. पाकिटाच्या उंचवट्याने श्रोणी तिरपी होते व एकांगी गृध्रसीसदृश वेदना होतात.

२. ब्रेक पूर्ण दाबला असता गुडघा किंचित वाकलेला राहील इतके आसन पुढे घ्यावे.

३. बैठक शक्य तितकी उंच करावी. कटिसंधी गुडघ्याच्या खाली राहू नये.

४. गुडघ्यामागची पोकळी व बैठकीची कड यांत दोन-तीन अंगुळे अंतर ठेवावे.

५. पाठ १०० ते ११० अंशांवर ठेवावी. खांदे टेकलेले असता मनगट चक्राच्या वरच्या कडेवर पोहोचले पाहिजे.

६. कटीआधार शून्यापासून हळूहळू वाढवावा. आधार जाणवला की थांबावे, टोचू लागेपर्यंत नेऊ नये. कमरपट्ट्याच्या किंचित वर त्याचे स्थान असावे.

७. अशा ताठ स्थितीत आतील आरसा लावावा. पुढे तो दिसेनासा झाला, तर शरीर खचले असे समजून पुन्हा नीट बसावे.

उतरताना दोन्ही पाय एकत्र बाहेर फिरवून, मग उठावे. दर दीड-दोन तासांनी उतरून पाच-दहा मिनिटे चालावे. वेग असल्यास धारण करू नये.

पंचकर्म व परिहारकाल

आमच्या मते या विषयातील सर्वांत दुर्लक्षित भाग हा आहे. बस्तीला जितके दिवस लागले त्याच्या दुप्पट परिहारकाल सिद्धिस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितला आहे, आणि त्या काळात वर्ज्य गोष्टींत अत्यासन, यान, वेगरोध व शीतोपचार यांचा समावेश आहे. आठ दिवसांच्या योगबस्तीनंतर सोळा दिवस हे पाळावयाचे. प्रत्यक्षात काय घडते? रुग्ण दुपारी बस्ती घेतो, स्वतः मोटार चालवत शंभर-दीडशे किलोमीटर परततो आणि स्वेदन झालेल्या कटीवर आसनातील थंड वारा पूर्ण वेगाने सोडतो. चारही निषिद्ध गोष्टी एका प्रवासात घडतात. पुढे उपशय झाला नाही की दोष बस्तीवर येतो.

म्हणून चिकित्सेच्या प्रारंभीच रुग्णाची वाहनचर्या ठरवावी. शक्य असल्यास उपचारकाळात त्याने गावातच मुक्काम करावा. ते जमत नसेल, तर चालक ठेवावा, अंतर तोडून प्रवास करावा, आसनाचा वारा बंद ठेवावा व कटी वस्त्राने झाकावी. एवढे ज्याला मान्य नाही, त्याला शोधनाऐवजी शमन देणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरेल.

औषधी विक्रेत्यांसाठी

कटीशूलासाठी तैल मागणारा ग्राहक अनेकदा वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो. त्याला दिवसाकाठी किती तास मोटारीत जातात, इतके विचारले तरी पुष्कळ कार्य होईल. तैल रात्री किंवा प्रवासाच्या पुरेसे आधी लावून उष्णोदकाने धुण्यास सांगावे. तळहात-तळपाय तेलकट असता वाहन चालवणे धोक्याचे आहे.

पुढील लक्षणे सांगणाऱ्याला मात्र तैल न देता तत्काळ रुग्णालयात पाठवावे. पायाचे पाऊल उचलता न येणे. मलमूत्रावरील ताबा जाणे किंवा मूत्र अडणे. आसनाला टेकणाऱ्या गुद व मांडीच्या आतील भागाची संवेदना हरपणे. यात तासांचा विलंबही कायमचे वैकल्य आणू शकतो. तसेच दीर्घ प्रवासानंतर एकाच पिंडरीला शोथ, उष्णता व वेदना असेल, तर शिरेत रक्त गोठल्याची शंका घ्यावी. तेथे मर्दन कदापि करू नये. सुटलेली गुठळी फुप्फुसात जाऊन प्राणघात होऊ शकतो.

सारांश, आसनाची किंमत हा हेतूच्या अभावाचा पुरावा नव्हे. कटीशूलाच्या प्रत्येक रुग्णपत्रकावर 'प्रवास अधिक' या शब्दांच्या जागी आसन कसे, काळ किती आणि रस्ता कोणता, ही तीन उत्तरे नोंदवली जावीत, अशी आमची समस्त वैद्यवर्गास विनंती आहे. इत्यलम्.